वन्यप्राण्यांकडून होणारं नुकसान रोखण्याचा पेशा: पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पेशात येऊ पाहणारी मुलंमुली, त्यांचे पालक आणि रात्री-अपरात्री फोन करणारे शेतकरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं हे काम करणाऱ्याची आहेत, त्यामुळे ती थोडी एका बाजूला झुकलेली वाटली तर नवल नाही.

या कामात नेमकं काय करायचं असतं?

रानडुकरांनी एका रात्रीत उभं पीक लोळवलं. लांडग्याने मेंढ्या मारल्या. धावपट्टीवर पक्ष्यांचे थवे उतरायला लागले. बीव्हर या झाडं कुरतडणाऱ्या पाणप्राण्याने ओढ्यावर बांध घातला आणि रस्ता पाण्याखाली गेला. अशा प्रत्येक ठिकाणी कोणीतरी जाऊन चार गोष्टी ठरवाव्या लागतात: नुकसान कोणी केलं, किती केलं, पुन्हा होईल का, आणि कशाने थांबेल. हे ठरवायचं, उपाय करायचा आणि त्या उपायाने खरोखर किती फरक पडला याचा हिशोब द्यायचा, एवढं आमचं काम. प्राणी पकडणं हा त्यातला एक तुकडा आहे आणि माझ्या मते तो दरवर्षी लहान होत चालला आहे.

त्यासाठी वेगळा पेशा कशाला? वनखातं, कृषीखातं, पशुवैद्य आहेतच की.

आहेत, पण वनाधिकाऱ्याची नजर प्राण्यांच्या संख्येवर असते, कृषी अधिकाऱ्याची उत्पन्नावर आणि पशुवैद्याची समोरच्या एका जनावरावर. नुकसान नेमकं या तिघांच्या मधल्या फटीत पडतं. शिवाय प्राणी दुप्पट झाले म्हणून नुकसान दुप्पट होत नाही. कधी एकच सोकावलेला हत्ती अख्ख्या गावाची झोप उडवतो आणि त्याच जंगलातला मोठा कळप वर्षभर कोणाच्या वाटेला जात नाही. संख्येचं शास्त्र शिकलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

हा पेशा आला कुठून?

शिकारी प्राण्यांचा नायनाट करण्यातून आला, हे लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत १९३१ साली ‘अ‍ॅनिमल डॅमेज कंट्रोल अ‍ॅक्ट’ झाला आणि सरकारी पगारावर लांडगे, कोयोटी (लांडग्याचे लहान भाईबंद), प्युमा (मोठं मांजरकुळातलं जनावर) मारणं रीतसर सुरू राहिलं. १९६४ मध्ये वन्यजीवशास्त्रज्ञ ए. स्टार्कर लिओपोल्ड यांच्या समितीने सरकारला सांगितलं की गरजेपेक्षा कितीतरी जास्त प्राणी मारले जात आहेत. १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी केंद्र सरकारच्या जमिनींवर शिकारी प्राण्यांसाठी विष वापरायला बंदी घातली, आणि १९८२ मध्ये रेगन यांनी तो आदेश मागे घेतला. हा लंबक असा सतत हलत आला आहे. १९९७ मध्ये त्या सरकारी विभागाचं नाव बदलून ‘वाइल्डलाइफ सर्व्हिसेस’ झालं. पाटी बदलली तरी टीका थांबली नाही.

इतर देशांचे धडे आणखी कडू आहेत. चीनमध्ये १९५८ पासून चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांना हुसकून मारायची मोहीम चालली. चिमण्या कमी झाल्या आणि किडी वाढल्या. ऑस्ट्रेलियात १९३२ मध्ये एमू पक्ष्यांवर मशीनगन घेऊन सैनिक पाठवले होते आणि एमूच जिंकले. आजही प्रशिक्षणात हा किस्सा सांगितला की वर्ग हसतो. हसून झाल्यावर मी विचारतो: पीक किती वाचलं, हे मोजायचं काम त्या वेळी कोणाकडे होतं?

नुकसान कोणी केलं, हे ओळखायचं कसं?

सगळं कौशल्य इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मेंढी मरून पडली आहे आणि आजूबाजूला लांडग्याचे ठसे आहेत. मालक म्हणतो, लांडग्याने मारली. असेलही. पण ठसे एवढंच सांगतात की लांडगा तिथे आला होता. आधी मानेवरची लोकर कापायची, मग कातडी सोलून आतली बाजू पाहायची. चावा जिवंतपणी बसला असेल तर दातांच्या खुणांभोवती रक्त साकळून काळंनिळं झालेलं असतं. मेंढी आजाराने मेली आणि नंतर कोणी खाल्ली असेल तर भोकं दिसतात, साकळलेलं रक्त दिसत नाही. नंतर दोन सुळ्यांच्या खुणांमधलं अंतर मोजायचं. मोठं मांजरकुळातलं जनावर बहुधा गळा किंवा मानेचा वरचा भाग धरतं. मोकाट कुत्री पायांना, मागच्या अंगाला, कानांना, मिळेल तिथे तोडतात. एकाच रात्रीत बरीच जनावरं जखमी झाली आणि खाल्लं मात्र फारसं गेलं नाही, तर माझा पहिला संशय कुत्र्यांवर जातो. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, कारण ती कुत्री बऱ्याचदा ओळखीतलीच असतात. जखमेवरून कापसाच्या बोळ्याने लाळेचा नमुना घेतला तर डीएनएवरून प्रजाती कळते, कधी कधी नेमकं कोणतं जनावर हेही कळतं. पण नमुना लवकर घ्यावा लागतो. ऊन, पाऊस आणि माश्या थांबत नाहीत.

पिकाचंही तसंच. सशाने खाल्लेला कोवळा कोंब चाकूने तिरका कापल्यासारखा स्वच्छ दिसतो. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे त्याने खाल्लेला शेंडा ओढून तोडलेला, दोरे निघालेला दिसतो. एवढा फरक माहीत नसला तर सशासाठी घालायची बारीक जाळी हरणाच्या शेतात लागते आणि पैसे मातीत जातात.

विमानतळावरचं उदाहरण तर पाठ्यपुस्तकात शोभावं असं आहे. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या विमानाची दोन्ही इंजिनं पक्ष्यांमुळे बंद पडली आणि वैमानिकाने ते हडसन नदीत उतरवलं. विमानातले सगळे १५५ जण वाचले. इंजिनातून काढलेले पिसांचे आणि मांसाचे कण स्मिथसोनियन संस्थेच्या पिसं ओळखणाऱ्या प्रयोगशाळेत गेले आणि पक्षी कॅनडा गूज (मोठा कलहंस) असल्याचं कळलं. शास्त्रज्ञ तिथेच थांबले नाहीत. पिसांतल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून (हलक्या-जड प्रकारांवरून; त्यांचं प्रमाण जागेनुसार बदलतं) त्यांनी दाखवलं की हे गूज शहरात कायम राहणारे नव्हते, उत्तरेकडून आलेले स्थलांतरित होते. या एका निष्कर्षाने पुढचा उपाय बदलतो. शहरातल्या गूजची संख्या विमानतळाभोवती कमी करता येते. स्थलांतरित थव्यासाठी रडार लागतं, वेळेचा अंदाज लागतो. या विद्येचा पाया रॉक्सी लेबोर्न या बाईंनी घातला. १९६० मध्ये बोस्टनला विमान पडून ६२ जण गेले, तेव्हा इंजिनातले अवशेष स्टार्लिंग पक्ष्यांचे आहेत हे त्यांनी ओळखलं होतं.

प्राण्याला पकडून लांब जंगलात सोडलं तर? कोणाचाच जीव जात नाही.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत जास्त फसवणारा उपायही हाच.

पकडलेलं मोठं जनावर नव्या जागी पाहुण्यासारखं राहत नाही. तिथे आधीपासून कोणाचा तरी मुलूख असतो. बरीच जनावरं परत निघतात आणि वाटेत माणसांच्या वस्तीतून जातात. इकडे रिकामी झालेली जागा दुसरं जनावर घेतं, कारण मुळात ज्या कारणाने पहिलं आलं ते कारण तसंच असतं. जुन्नर वनविभागातल्या बिबट्यांवर विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास जगभर शिकवला जातो. १९९३ ते २००१ या काळात तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर, २००१ ते २००३ मध्ये, ही सरासरी १७ वर गेली. हेतू चांगला होता, पण बिबट्याला त्याची खबर नव्हती.

तरीही पिंजरा लावण्याचा दबाव येतोच. पिंजरा दिसतो, फोटोत येतो, लोक शांत होतात. गोठ्याला भक्कम दार बसवलेलं फोटोत चांगलं दिसत नाही. या पेशातल्या नव्या माणसाने दबावाखाली ‘नाही’ म्हणायला शिकणं हे बंदूक चालवायला शिकण्यापेक्षा अवघड आहे.

मग मारणं पूर्ण बंद होईल का?

नाही. बेटांवर तर उलट आहे. बाहेरून आलेले उंदीर समुद्रपक्ष्यांची अंडी-पिल्लं संपवतात, तिथे ते काढून टाकणं हाच उपाय. दक्षिण अटलांटिकमधलं साउथ जॉर्जिया बेट २०१८ मध्ये उंदीरमुक्त जाहीर झालं. न्यूझीलंडने २०१६ मध्ये घुशी-उंदीर, स्टोट (मुंगसासारखा लहान शिकारी) आणि पॉसम (झाडावर राहणारा पिशवीधारी प्राणी) २०५० पर्यंत देशातून हद्दपार करण्याचं लक्ष्य ठेवलं आहे. पण तिथेही घाई नडते. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर मांजरी २००० पर्यंत संपवल्या, नंतर ससे बेसुमार वाढले आणि उतारच्या उतार बोडके झाले. शेवटी ससे, घुशी आणि उंदीर एकाच मोहिमेत काढावे लागले. २०१४ मध्ये ते बेट मोकळं झालं.

बंद होईल ते सरसकट मारणं. कोणत्या जनावराने नुकसान केलं हे दाखवता येत नसताना दिसेल ते मारायचं, याला न्यायालयात आणि लोकांसमोर टिकणं कठीण होत जाईल. माझ्या मते ते योग्यच आहे.

विषाचं भवितव्य काय?

आखडत जाणारं. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं विष १९४० च्या दशकाच्या शेवटी उंदरांसाठी आलं आणि १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्याला न जुमानणाऱ्या घुशी सापडल्या. मग दुसऱ्या पिढीतली जास्त जहाल, शरीरात जास्त काळ राहणारी विषं आली. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्तावतो, आणि घुबड किंवा ससाणा त्याला सहज उचलतो. विष पुढच्या पायरीवर जातं. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये या विषांच्या बहुतेक वापरावर कायद्याने बंधनं घातली. इतर ठिकाणीही वारा त्याच दिशेने वाहतो आहे. इस्रायल आणि जॉर्डनमध्ये शेताच्या कडेला गव्हाणी घुबडांसाठी पेट्या लावून उंदरांवर वचक ठेवला जातो. घुबडं सगळे उंदीर खात नाहीत आणि खाणारही नाहीत, पण विषाची मात्रा कमी करता येते, हेही थोडं नाही.

कुंपण घातलं की प्रश्न मिटतो ना?

कुंपण घालणं सोपं आणि ते राखणं कठीण. झटका मशीनचंच घ्या. रानडुकरासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभरच वर हवी, कारण डुक्कर नाकाने उकरत येतं आणि नाक हाच त्याचा ओला, झटका लागणारा भाग. पण इतक्या खालच्या तारेला पंधरा दिवसांत गवत टेकतं. टेकलेल्या प्रत्येक पात्यातून प्रवाह जमिनीत झिरपतो, मशीन टिकटिक करत राहतं आणि तारेत झटका उरत नाही. उन्हाळ्यात उलटी अडचण: माती इतकी कोरडी की अर्थिंगची सळई असून नसल्यासारखी, जनावराच्या पायांतून परतीचा मार्गच पूर्ण होत नाही. मी कुंपण पाहायला गेलो की आधी यंत्राकडे बघत नाही, खालच्या तारेखाली गवत किती आहे ते बघतो. त्यावरून मालकाने शेवटची फेरी कधी मारली तेही कळतं. घरातल्या विजेची जोडणी थेट तारेला देणारे महाभाग सगळीकडे असतात. ते कुंपण नाही, तो सापळा आहे, आणि त्यात माणसंही मरतात.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. माझं शेत बंद झालं की डुकरं उपाशी बसत नाहीत, पलीकडच्या शेतात जातात. म्हणून उपाय गावपातळीवर आखावा लागतो. डेन्मार्कने तर रानडुकरांतून आफ्रिकन स्वाइन फीव्हर येऊ नये म्हणून २०१९ मध्ये जर्मनीच्या सीमेवर जवळपास ७० किलोमीटर कुंपण उभं केलं. कुंपण जितकं लांब, तितका ते कोण राखणार हा प्रश्न मोठा.

आवाज, दिवे, बुजगावणी चालतात का?

थोडे दिवस. नंतर प्राणी सरावतात. जागा बदलत राहा, एकच साधन सतत वापरू नका, आणि पीक ऐन भरात असेल तेवढ्याच दिवसांपुरतं ठेवा.

एखादा उपाय खरंच चालतो, हे कशावरून ठरवायचं?

पुढच्या पिढीचा पेशा या प्रश्नावर उभा राहील असं मला वाटतं. आतापर्यंत आमच्याकडचे बरेच उपाय ‘गेल्या वर्षी केलं, फरक पडला’ एवढ्यावर चालत आले. फरक पावसानेही पडतो. बाजूच्या जंगलात फळं जास्त लागली तरी पडतो.

बोट्सवानामध्ये केलेला प्रयोग मला फार आवडतो. सिंह आणि बिबटे दबा धरून येतात, आपल्याला पाहिलं गेलं असं वाटलं तर माघार घेतात. म्हणून गुरांच्या ढुंगणावर मोठे डोळे रंगवले. इथपर्यंत कोणीही गेला असता. संशोधकांनी पुढे काय केलं ते पाहा: त्याच कळपांतल्या काही गुरांवर नुसत्या फुल्या रंगवल्या आणि काही तशीच सोडली. चार वर्षांत डोळे रंगवलेल्या ६८३ गुरांपैकी एकही मारलं गेलं नाही. फुल्या रंगवलेल्या ५४३ पैकी ४ आणि कोऱ्या ८३५ पैकी १५ मारली गेली. फुल्यांमुळे कळलं की रंगाचाही थोडा परिणाम होता, पण डोळ्यांचा जास्त होता. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. सिंह पुढे सरावतील का, हा प्रश्न उरतोच, आणि प्रयोग करणाऱ्यांनीही तो झाकलेला नाही.

एक डबा रंग आणि नीट आखलेली तुलना. महागड्या यंत्रांच्या जाहिरातींत अशी तुलना शोधून पाहा, हाती फारसं लागणार नाही.

ड्रोन आणि एआय आल्यावर माणसाची गरज राहील का?

फोटो चाळायचं काम जाईल आणि जाऊ द्या, डोळे फुटायचे त्याने. कॅमेरा ट्रॅपच्या (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) हजारो चित्रांतून रिकामी चित्रं बाजूला काढणं यंत्र उत्तम करतं. उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेला ड्रोन रात्री उभ्या पिकातली डुकरं दाखवतो. जीपीएस पट्टा बांधलेला हत्ती वस्तीकडे वळला की मोबाइलवर सूचना जाते. पण सूचना आल्यावर कोण निघणार, कोणत्या वाटेने, आणि लोकांनी बॅटऱ्या घेऊन हत्तीमागे धावू नये म्हणून कोण समजावणार? सूचना जितक्या वाढतील तितकी या माणसांची मागणी वाढेल.

संततिनियमनाने संख्या आवरता येईल?

लहान, बंदिस्त, ओळखता येणाऱ्या समूहात येते. अमेरिकेतल्या अस्सॅटीग बेटावरच्या जंगली घोड्यांना १९९० च्या दशकापासून अनेक वर्षं पीझेडपी ही गर्भधारणा रोखणारी लस देऊन संख्या आटोक्यात आणली. कारण तिथे प्रत्येक घोडी ओळखीची आहे. खुल्या रानातल्या डुकरांना शोधून पुन्हा पुन्हा लस टोचायची, तर मनुष्यबळ कुठून आणणार? शिवाय नसबंदी झालेलं जनावरही आज रात्री पीक खातंच.

नुकसानभरपाई दिली तर बाकी काही करायची गरज काय?

भरपाई हवीच. उशिरा आणि अपुरी मिळाली की माणूस विष शोधतो. पण भरपाई मेल्यावर मिळते, वाचवल्यावर नाही, ही तिची गोम. स्वीडनने १९९६ पासून वेगळी वाट धरली: उत्तरेकडच्या सामी या आदिवासी लोकांच्या रेनडिअर पाळणाऱ्या वस्त्यांना किती रेनडिअर मेले यावर पैसे न देता, त्यांच्या भागात लिंक्स (रानमांजर) आणि वॉल्व्हरीन (अस्वलासारखा दिसणारा छोटा शिकारी) यांची किती ठिकाणी पिल्लं झाली यावर दिले जातात. आपले रेनडिअर वाचवले तर तो नफा त्यांचाच. पिल्लं मोजणारा माणूस मात्र दोन्ही बाजूंना विश्वासाचा वाटला पाहिजे, आणि अशी मोजणी करणं हीसुद्धा आमच्याच पेशातली एक नोकरी आहे.

नोकऱ्या कुठे आहेत आणि कुठे वाढतील?

सरकारी खाती हा जुना मार्ग आहे आणि राहील. विमानतळांना आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पक्षी-प्राण्यांचा धोका आवरावाच लागतो, त्यामुळे तिथे काम नियमित आहे. वीज कंपन्या, रेल्वे, धरणं, पवनचक्क्या, मोठी गोदामं यांनाही अशी माणसं लागतात. रोगांवर नजर ठेवण्याचं काम झपाट्याने वाढतं आहे, कारण रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर यांच्यात रोग कुंपण ओळखत नाही.

युरोपात लांडगे परतले आहेत. युरोपीय संघात त्यांची संख्या २०,००० च्या वर गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये युरोपातल्या वन्यजीवांच्या संरक्षणाच्या बर्न कराराखालचं त्यांचं संरक्षण एक पायरी खाली आणण्याचा निर्णय झाला. कायदा सैल झाला म्हणून मेंढ्या आपोआप वाचत नाहीत. राखणीची कुत्री, रात्रीचे वाडे आणि मेंढपाळांना शिकवणारी माणसं लागणारच. नामिबियात चित्ता संवर्धनाचं काम करणाऱ्या संस्थेने १९९४ पासून पशुपालकांना अ‍ॅनाटोलियन जातीची राखण करणारी कुत्री दिली आहेत. अशा कामाला शिकारी लागत नाही, कुत्रं आणि माणूस दोघांना वळण लावणारा लागतो.

डिसेंबर २०२२ मध्ये ठरलेल्या कुनमिंग–माँट्रियल जैवविविधता आराखड्यात माणूस आणि वन्यप्राणी यांच्यातला संघर्ष कमी करणं हे चौथ्या लक्ष्यात घातलं आहे. कागदावर आलं की निधी येतो, असा अनुभव आहे. उशिरा येतो, हाही अनुभव आहे.

शिक्षण कोणतं घ्यावं?

वन्यजीवशास्त्र, प्राणिशास्त्र, वनशास्त्र, पशुवैद्यक, यांपैकी कशातूनही येता येतं. अमेरिकेत युटा स्टेट विद्यापीठातल्या बेरीमन संस्थेसारख्या ठिकाणी नेमका हाच विषय शिकता येतो, पण अशा जागा मोजक्या आहेत. माझा आग्रह दोन विषयांसाठी. एक संख्याशास्त्र, वर सांगितलेल्या फुल्यांसाठी. दुसरा समाजशास्त्र किंवा निदान संवाद. नुकसान झालेल्या माणसासमोर पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही कायद्याची कलमं सांगायला लागलात, तर पुढचं काही तो ऐकणार नाही. आधी शेत पाहा, मेलेलं जनावर पाहा, किती गेलं ते त्याच्या तोंडून ऐका.

मला प्राणी फार आवडतात. हे काम मला जमेल?

जमेल, पण काही रात्री झोप लागणार नाही.

दोन्हीकडून शिव्या खाव्या लागतात म्हणे?

खाव्या लागतात. शेतकऱ्याला तुम्ही प्राण्यांचे वकील वाटता, प्राणिप्रेमींना खाटीक. यावर औषध एकच: सगळं लिहून ठेवा. कोणता उपाय कधी केला, आधी किती नुकसान होतं, नंतर किती झालं, कोणतं जनावर मेलं आणि का. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या संघर्ष आणि सहजीवनावरच्या तज्ज्ञ गटाने २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही लोकांना निर्णयात सुरुवातीपासून घ्या यावर भर आहे. नोंदवही उघडून दाखवता आली की निम्मा आरडाओरडा खाली बसतो. उरलेला निम्मा तुमच्याबद्दल नसतो, जुन्या जमिनीच्या आणि सरकारच्या भांडणाचा असतो, आणि तो तुमच्याने मिटणार नाही.

नवख्याने सुरुवात कोणत्या कामांपासून करावी?

इमारतींपासून. हत्ती-बिबट्याचं आकर्षण थोडं बाजूला ठेवा. घरात, गोदामात शिरलेले उंदीर, कबुतरं, वटवाघळं बाहेर ठेवणं यात निदान, उपाय आणि मोजमाप तिन्ही छोट्या आकारात शिकता येतात आणि चूक झाली तर लगेच दिसते. घरातला उंदीर साधारण ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येतो, म्हणून बोट जाईल एवढी फट ‘लहान’ समजायची नाही. बुजवताना नुसता फोम वापरू नका, तो ते कुरतडतात. धातूची जाळी किंवा सिमेंट लागतं.

वटवाघळांसाठी एकतर्फी दार लावतात: बाहेर पडता येतं, परत येता येत नाही. ते लावण्याआधी मोसम तपासा. पिल्लांना उडता येत नसेल त्या दिवसांत दार लावलं तर आया बाहेर अडकतात आणि पिल्लं आत मरतात. पिल्लं उडायला लागेपर्यंत मालकाला थांबायला सांगा. तो कुरकुर करेल. तोवर संध्याकाळी बाहेर उभं राहून कोणत्या फटीतून किती वटवाघळं निघतात ते मोजा, म्हणजे दार कुठे लावायचं आणि बाकीच्या कोणत्या फटी आधी बुजवायच्या हे कळेल.